सातबारा माझा, फास त्यांचा

"परक्या माणसांना शेतात घेतलंच कशाला?" असं मला विचारणाऱ्यांनी आधी एक रात्र माझ्या माळ्यावर बॅटरी फिरवत काढावी. डुकरांनी सकाळपर्यंत अर्धा एकर मका लोळवलेला बघावा. मग विचारावं.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात ही शिकारी पोरं पहिल्यांदा आली ती फुकट. डुक्कर मारायचं आणि घेऊन जायचं. दुसऱ्या वर्षी डिझेलचे पाचशे मागितले. तिसऱ्या वर्षी तीन हजार आगाऊ, वर रात्रीचं जेवण, आणि "कुत्र्यांच्या भाकरी वेगळ्या, काका." बायकोने अठरा भाकरी थापल्या. मटण तेच नेणार, विकणार तेच, आणि पैसे मी द्यायचे!

परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "सगळी सेटिंग आहे." मी कागद मागितला नाही. माझी चूक तेवढीच.

पहाटे मोटर चालू करायला गेलो. वारा पडलेला होता, पण धुऱ्यावरच्या बाभळीपाशी मका हलत होता. वाटलं, डुक्कर सापडलं. बघतो तर काळवीट. मागच्या पायात मोटारसायकलची क्लचवायर, दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला. ओढून ओढून त्याने खुरांनी माती उकरून टाकली होती. तार हाडापर्यंत गेलेली. ओरडत नव्हतं, नुसतं फुरफुरत होतं. बंदुकीचा बार ऐकायला मी रात्रभर कान देऊन होतो, आणि यांनी माझ्या बांधावर फास लावून ठेवले होते. किती, कुठे, मला पत्ताच नव्हता.

म्होरक्याला फोन केला. "शेत तुमचं, बांध तुमचा. आम्हाला कशाला गोवता, काका?" त्यानंतर नंबर बंद. माझ्याच घरच्या भाकरी खाऊन!

वनविभागाच्या 1926 वर फोन मीच लावला. माणसं आली, तार कापली, जनावर नेलं. मला पहिला प्रश्न आला, "गट कुणाच्या नावावर?" मग पंचनामा, जबाब, हेलपाटे. फोन मी केल्याची नोंद होती म्हणून साक्षीदारावर निभावलं. गावाने मात्र मी हरण खाल्लं असं ठरवून टाकलं. सलमान खानचं 1998 चं प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ, पण तीही काळविटाचीच शिकार होती, हे कुणाच्या ध्यानात नाही.

म्हणून सांगतो. रानडुक्कर आणि रोही पिकात घुसत असतील तर 2015 च्या शासन निर्णयाप्रमाणे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्जाची पोच घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. ती परवानगी हरणाला लागू नाही. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25 हजार. फासात काय अडकेल हे लावणाऱ्यालाही ठरवता येत नाही. आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारजमा होतं. "मटण आमचं" म्हणणारा आला की समजा, त्याच्याकडे कागद नाही. कुणी येऊन गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सगळे धुरे स्वतः फिरा, बाभळीचे बुंधे हात लावून बघा. मला दोन वायरी नंतर सापडल्या, एक बैलाच्या वाटेवर.

नुकसानभरपाईचा अर्ज तीन दिवसांत द्या, फोटो काढून ठेवा. पैसे मिळतात तेव्हा मिळतात. बाकी ओळखीपाळखीशिवाय कुणाला शेतात घेऊ नये वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे; मलाही ठाऊक होतं.

परवा नव्या नंबरवरून फोन आला. आवाज तोच. "काका, यंदा डुकरं लई आहेत म्हणे तुमच्याकडं. पण आता रिस्क वाढली बघा. पाच हजार पडतील."