अमझेऱ्याची वाट : पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता, उद्यान आणि पूल

बालरोगतज्ज्ञाने पायवाटा, उद्याने आणि पादचारी पूल या विषयांवर लेखणी उचलावी, याचे वाचकांस काहीसे नवल वाटेल. स्थापत्यशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा प्रांत नव्हे. परंतु आमच्याकडे मूल येते ते कधी वाहनाच्या धडकेने जखमी होऊन, कधी पावसाळ्यात रपट्यावरून वाहून जाता जाता वाचून, तर कधी अकराव्या वर्षीच पंचावन्न किलो वजन घेऊन. या तिन्ही तक्रारींचा उगम पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडतो : घराचा उंबरठा आणि शाळेचे फाटक यांमधील वाटेत. औषधाच्या चिठ्ठीवर ही वाट लिहून देता येत नाही, म्हणून तिचा विचार येथे करीत आहे.

निमित्त अमझेऱ्याचे आहे. धारच्या पश्चिमेस वसलेले हे गाव माळव्याच्या इतिहासात राव बख्तावरसिंहांमुळे ओळखले जाते. १८५७च्या उठावातील सहभागाबद्दल त्यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूर येथे फाशी देण्यात आले आणि पुढे अमझेरा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले. गावाची दुसरी ओळख अमका-झमका देवीच्या मंदिराची. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण येथूनच केले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. रुक्मिणीला वैदर्भी म्हणणारे आपण मराठी लोक अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूरचे नाव घेतो आणि अमझेऱ्याचे लोक आपल्या गावाचे. हा वाद सोडविण्याचे येथे प्रयोजन नाही. दोन्ही कथांत रुक्मिणी रथातून गेली. पायी चालण्याचा प्रसंग तुमच्याआमच्यावर आहे.

मध्य प्रदेश शासनाने ‘श्रीकृष्ण पाथेय’ या नावाने श्रीकृष्णाशी निगडित स्थळांच्या विकासाचा जो संकल्प २०२४ मध्ये पुढे आणला, त्यात अमझेऱ्याचा उल्लेख आहे. पाथेय म्हणजे वाटेची शिदोरी. नाव पायी चालणाऱ्याचे आहे, हे मला विशेष वाटले. कारण तीर्थस्थळाचा विकास म्हटला की आपल्याकडे रुंद डांबरी रस्ता, वाहनतळ आणि कमान या तीन गोष्टी आधी होतात. परंतु अमझेऱ्याच्या रस्त्यावर यात्रेकरूंखेरीज रोजचे चालणारेही आहेत. शाळेत जाणारी मुले, हाटाला निघालेली भिल्ल कुटुंबे, डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेल्या स्त्रिया, शेळ्या, बैलगाडी. रस्ता रुंद होऊन वाहनांचा वेग वाढला आणि यांच्यासाठी स्वतंत्र वाट ठेवली नाही, तर ज्या गावाचा विकास करावयाचा त्याच गावाची मुले आमच्या अपघात कक्षात येतील. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती.

माळव्याला या विषयाचा वारसा नाही, असे मात्र नाही. अहिल्याबाईंनी देशभरच्या यात्रामार्गांवर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या पायी चालणाऱ्या माणसासाठीच. त्याच होळकरांच्या इंदुरात तुकोजीराव तिसरे यांनी सर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास नगररचनेसाठी बोलावले आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्सले यांचे शिष्य. शहराकडे त्यांनी सजीवाप्रमाणे पाहिले. जुन्या वस्तीतून सरळ रेषेत रुंद रस्ता कापून काढण्यास त्यांचा विरोध असे. नेमकी अडचण शोधून तेवढीच दूर करावी आणि उरलेली वस्ती जपावी, या पद्धतीस त्यांनी नावच शल्यचिकित्सेतून घेतले. आपण तिला ‘अवयव राखणारी शस्त्रक्रिया’ म्हणू. इंदूर त्या काळी प्लेगने ग्रासलेले होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली आणि ज्या मोहल्ल्यांनी घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या, त्या मोहल्ल्यांतून ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, कुंडीतली तुळशीची रोपे वाटली गेली आणि अखेरीस रोगराईच्या राक्षसाचे दहन झाले. आरोग्यशिक्षणाचा इतका परिणामकारक प्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही. नदीकाठ स्वच्छ करून तेथे उद्याने आणि फिरण्याच्या वाटा कराव्यात, हा त्यांचा आग्रह होता. त्या काठांची पुढे काय अवस्था झाली, ते इंदूरकरांस सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. पादचाऱ्यांच्या सोयींबाबत भारतीय रस्ते परिषदेची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. तिच्या २०१२च्या आवृत्तीनुसार पदपथाची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरील मोकळी उंची २.२ मीटर हवी. शहरी माणसासाठी हे पुरेसे असेल. परंतु भारा घेतलेली स्त्री आडव्या लाकडांमुळे एकटीच दीड मीटर जागा व्यापते. समोरून सायकल आली की ती रस्त्यावर उतरणार. म्हणून अमझेऱ्यासारख्या ठिकाणी तीन मीटरपेक्षा कमी रुंदीची सामायिक वाट करू नये, असे माझे मत आहे, आणि गुरांसाठी तिच्या कडेला कच्ची पट्टी ठेवावी.

रुंदीपेक्षाही अवघड प्रश्न जमिनीचा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसत्या फरश्या बसविल्या तर दोन पावसाळ्यांत त्या वरखाली होतात आणि वृद्ध माणूस ठेचाळून खुब्याचे हाड मोडून घेतो. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. कट्टी यांनी यावर जो उपाय रूढ केला तो तत्त्वतः सोपा आहे : फुगणारी माती काही खोलीपर्यंत काढावी आणि तिच्या जागी न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मुरमासारख्या मातीचा दाबलेला थर द्यावा. त्यावर खडी, मग पृष्ठभाग. वाटेस मध्यापासून कडेकडे शेकडा दोन-तीन उतार आणि बाजूस गटार हवेच. पाणी साचले की खालची माती पुन्हा फुगणार. कंत्राटात पृष्ठभाग दिसतो, थर दिसत नाही. त्यामुळे थर भरताना कोणीतरी उभे राहून पाहावे लागते.

पृष्ठभाग कशाचा असावा, याविषयी वैद्याला बोलण्याचा अधिकार आहे. मे महिन्यात हवेचे तापमान बेचाळीस अंश असता काळे डांबर साठ अंशांच्याही वर तापते. यात्रेकरू अनवाणी असतात, आणि आपल्या भागातील बरीच मुलेही. लहान मुलाच्या शरीराचे वजन कमी व त्या मानाने त्वचेचा विस्तार अधिक; शिवाय त्याचा चेहरा तापलेल्या जमिनीच्या अधिक जवळ असतो. उष्माघात त्याला मोठ्यांच्या आधी गाठतो. म्हणून फिकट रंगाचा दगड किंवा दाबलेला मुरूम आणि दोन्ही बाजूंस निंब, करंज, चिंच, वड. सावली दुपारी पडावी असे वाटत असेल तर पूर्व-पश्चिम वाटेच्या दक्षिण बाजूस झाडे दाट हवीत. झाडाला सावली द्यावयास दहा वर्षे लागतात, तेव्हा रोपे रस्त्याच्या कामाआधी लागली पाहिजेत. प्रत्यक्षात ती उद्घाटनाच्या दिवशी लागतात. एक सावधगिरीही सांगतो : सावलीतील ओलसर माती हे अंकुशकृमीचे आवडते घर. यात्रामार्गावर पाण्याची सोय असलेली शौचालये नसतील, तर हीच सुंदर छाया मुलांच्या रक्तक्षयाचे कारण होईल.

महाराष्ट्रातील पालखी मार्गांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या दिवेघाट ते मोहोळ या सुमारे २२१ किलोमीटरच्या आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. त्यात वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंस स्वतंत्र पदमार्ग आराखड्यातच धरलेला आहे. रस्ता झाल्यावर उरलेल्या जागेत पदपथ बसविणे निराळे आणि चालणाऱ्याची जागा आधी आखून मग वाहनांना वाट देणे निराळे. वारीचे दिवस मोजके, परंतु ती वाट वर्षभर शाळकरी मुलांची असते.

रस्ता ओलांडण्याचे काय? येथे आपला प्रत्येक लोकप्रतिनिधी पादचारी पुलाची मागणी करतो. थोडा हिशेब करू. वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची आणि पुलाची जाडी धरली तर सहा मीटर चढावे लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी, म्हणजे चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली, सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यासाठी! चाकाच्या खुर्चीस बारास एक असा उतार द्यावयाचा तर प्रत्येक बाजूस बहात्तर मीटर लांबीचा उतार लागेल, मधले विसाव्याचे चौथरे वेगळेच. गरोदर स्त्री, सांधेदुखीची आजी आणि दप्तर घेतलेले मूल असा पूल वापरीत नाहीत, आणि दोष मात्र त्यांच्या शिस्तीस दिला जातो. सामान्य प्रौढाच्या चालीने सात मीटर ओलांडण्यास सहा सेकंद, मुलाच्या चालीने आठ. तेवढ्या वेळात ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १३३ मीटर येते, तीस किलोमीटर वेगाची ६७ मीटर. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज बांधण्याची क्षमता नऊ-दहा वर्षांपर्यंत पुरती विकसित झालेली नसते. ‘सांभाळून जा’ या सूचनेला मेंदूची मर्यादा आहे. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. तेव्हा शाळेसमोर आणि देवळासमोर पूल नको. पदपथाच्या उंचीवर उचललेला, वाहनास वेग कमी करण्यास भाग पाडणारा रुंद ओलांडपट्टा हवा. देवासच्या माता टेकडीवर चढण मुळातच आहे, तेथे पायऱ्यांना पर्याय नाही. सपाटीवर आपण टेकडी मुद्दाम का उभारावी?

पूल हवा तो नाल्यावर. आपल्या ग्रामीण भागातील बहुतेक पायवाटा रपट्यावरून जातात. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचा तोल घालविते; पाच वर्षांच्या मुलाच्या तर ते कमरेस लागते. अशा नाल्यावरचा पादचारी पूल पूररेषेच्या वर असावा आणि त्याचे पाये वाहत्या पाण्याने खरवडले जाणार नाहीत इतके खोल जावेत. भाराचे म्हणाल तर गर्दीच्या ठिकाणी दर चौरस मीटरला ५०० किलो धरावेत असे भारतीय संकेत आहेत. दोन मीटर रुंद व तीस मीटर लांब पूल म्हणजे तीस टन. रोज चार माणसे जातात त्या पुलावर एवढा भार कशाला, असे विचारणाऱ्याने भगोरियाचा हाट पाहावा.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. गुजरातेत मोरबी येथील झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला होऊन चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ होती. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडला, चौघे दगावले. पुलावर गर्दी होते तेव्हा ती स्थिर उभी राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये खुला होताच आडवा डुलू लागला. डुलणाऱ्या पुलावर माणसे तोल सावरण्यासाठी नकळत एकाच लयीत पावले टाकतात आणि डुलणे वाढते. पूल मजबूत होता, तरीही तो बंद करून कंपन शोषणारी यंत्रणा बसवावी लागली. २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. आपल्याकडे असा पूल बंद करण्याचे धैर्य दाखविण्याआधी त्यावर सूचनाफलक लागतो. ज्याला अक्षर येत नाही त्याने काय करावे?

दुचाकी हा पायवाटेचा जुनाट रोग आहे. वाटेच्या तोंडाशी खांब रोवावेत तर चाकाच्या खुर्चीसाठी नव्वद सेंटिमीटर जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यातून मोटारसायकल सहज निघते. याला अभियंत्याकडे पुरे उत्तर नाही. वाहनतळ जवळ आणि सोयीचा असेल तरच उपद्रव घटतो, बाकी ग्रामसभेचा धाक.

उद्यानाविषयी थोडेच लिहितो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलास दररोज किमान साठ मिनिटे दमछाक करणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शोभेचे कारंजे आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असलेले उद्यान या कामाचे नाही. वाटेच्या कडेला अर्धा एकर मोकळे मैदान, चढता येईल असे झाड आणि बसावयास ओटा पुरे.

शेवटी एक विषय, ज्यावर अभियंत्यांपेक्षा आपण अधिक जाणतो, तो कठड्याचा. पुलाच्या कठड्यास आडव्या सळया लावल्या की मुलासाठी ती शिडी होते. सळया उभ्याच हव्यात. दोन सळयांमधील फट साधारण ९ ते २३ सेंटिमीटर असेल तर मुलाचे धड पायाकडून तीतून निसटते आणि डोके अडकते. ते लोंबकळते, गळ्यावर दाब येतो. म्हणून फट नऊ सेंटिमीटरांच्या आत हवी. हात धरण्याची दांडी दोन उंचींवर असावी, एक मोठ्यांसाठी नव्वद सेंटिमीटरवर आणि दुसरी मुलांसाठी सत्तरच्या आसपास. आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर मुलाच्या डोक्याचा घेर मोजण्याची पट्टी असते. पुढच्या वेळी अमझेऱ्याला, मांडूला किंवा नर्मदाकाठी जाल तेव्हा ती खिशात असू द्यावी, वाटेतील पुलांच्या फटी मोजाव्यात आणि आकडे लिहून ग्रामपंचायतीस व बांधकाम खात्यास द्यावेत.