वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत : पाठ केलेली उत्तरे का फसतात?

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाचे प्रवेश ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांनुसार होतात. तेथे मुलाखत नसते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र याला अपवाद आहे. ‘नीट’च्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांना तेथे बोलावले जाते. इंग्रजी, आकलन व तर्क यांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे त्यांना पार करावे लागतात. मुलाखतीला ५० गुण असतात. एकेका गुणाने यादीतील क्रमांक बदलत असता हे ५० गुण किरकोळ म्हणता येणार नाहीत.

ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि पदवी अभ्यासक्रमाचा विभाग १९६२ साली सुरू झाला. सैन्यदलांना डॉक्टरांचा नियमित पुरवठा व्हावा, हा त्यामागील हेतू होता. पदवीनंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करण्याचे बंधन विद्यार्थी प्रवेशाच्या वेळीच स्वीकारतो. साहजिकच, लष्करातच डॉक्टर का व्हावयाचे, हा प्रश्न या ना त्या रूपाने प्रत्येकापुढे येतो.

या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर तयार असते: देशसेवेसाठी. उत्तर खोटे नसते, पण ते दिवसभरात अनेकांच्या तोंडून आलेले असते. मग सदस्य शांतपणे विचारतात, “देशसेवा तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येईल. मग लष्करच का?” पाठांतर येथे संपते. पुढचे वाक्य मार्गदर्शिकेत छापलेले नसते. उमेदवार गोंधळतो, किंवा पहिलेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात पुन्हा म्हणतो.

समजा, सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचे आजोबा निवृत्त सुभेदार आहेत. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेच्या दवाखान्यात ती त्यांच्यासोबत गेली आहे. तेथे किती वेळ थांबावे लागले, डॉक्टरांनी आजोबांना काय विचारले, औषध कसे समजावून सांगितले, हे तिने पाहिले आहे. आरोग्य केंद्र का नको, असे विचारताच तिने त्या केंद्राला कमी लेखू नये. तेथील कामही तितकेच आवश्यक आहे हे मान्य करून, घरातील सैनिकी जीवन जवळून पाहिल्याने त्या सेवेची ओढ कशी लागली, हे ती दोन-तीन साध्या वाक्यांत सांगू शकेल. ज्याच्या घरी कोणी सैन्यात नाही, त्यानेही चिंता करू नये. आजारी शेजाऱ्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेल्याचा अनुभवही बोलण्यास पुरेसा आहे. मात्र तो खरा असावा. उसना प्रसंग दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

थोर व्यक्तींच्या नावांचेही तसेच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव अनेकजण घेतात. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथे आघाडीवरील जखमींवर त्यांनी उपचार केले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. इतके ठाऊक असेल आणि त्यांतील नेमके काय मनाला भिडले हे सांगता येत असेल, तरच हे नाव घ्यावे. नाहीतर ते केवळ नाव राहते.

नीतिविषयक प्रश्नांत खरी कसोटी लागते. एक जखमी आपला जवान, दुसरा शत्रुपक्षाचा. प्रथम कोणाला पाहाल? “अर्थातच आपला जवान” हे उत्तर भावनेला पटते, पण १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमानुसार उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवर ठरतो. भारतानेही याविषयी १९६० साली कायदा केला. उमेदवाराला कलमाचा क्रमांक आठवलाच पाहिजे असे नाही. कोणाचा रक्तस्राव अधिक, कोणाचा श्वास अडकला आहे, हे आधी पाहीन, असे म्हणून त्याने आपला विचार पायरीपायरीने मांडावा. शल्यक्रियेचे ज्ञान त्याच्याकडून अपेक्षित नसते. एखादी गोष्ट माहीत नसल्यास तसे सरळ सांगावे. अंदाजाने ठोकून देणे अधिक महागात पडते.

तयारी करताना पूर्ण उत्तरे लिहून काढू नयेत. प्रत्येक विषयावर चार-पाच शब्दांचे टिपण पुरे. शाळेतील शिक्षकांना किंवा गावातील निवृत्त जवानाला प्रश्न विचारण्यास सांगावे; तोच प्रश्न त्यांनी निराळ्या शब्दांत पुन्हा विचारावा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी आधी मराठीत विचार स्पष्ट करून नंतर तोच इंग्रजीत मांडण्याचा सराव करावा. पोशाखाविषयी बरेच लिहिले जाते. स्वच्छ आणि नीटनेटका असला म्हणजे झाले.

सेवेच्या बंधनाकडे मात्र अनेक घरांत दुर्लक्ष होते. काहींना कायम स्वरूपाची, तर काहींना अल्पमुदतीची सेवा मिळते. बंधन मोडल्यास भरावयाची रक्कम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेली असते व ती मोठी असते. मुलाने लवकरच गावी येऊन दवाखाना थाटावा, ही वडिलांची इच्छा असेल आणि मुलगा मंडळासमोर आयुष्यभर सैन्यात राहण्याची भाषा करीत असेल, तर ती विसंगती अनुभवी सदस्यांच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा माहितीपत्रकाचे ते पान मुलाखतीचे बोलावणे येण्याआधीच आईवडिलांसह बसून वाचावे.