अर्ज गेल्यावर दिसलेली चूक

मूल अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपवर अर्ज करतंय, अशा आईबाबांशी आज थोडं बोलायचं आहे. १ जानेवारीची मुदत गाठून अर्ज जातो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि मूल निबंध पुन्हा वाचायला घेतं. एक शब्द दोनदा पडलेला दिसतो. चेहरा पांढराफटक! "तरी सांगत होते, नीट वाच म्हणून" हे वाक्य त्या वेळी तुमच्या ओठांवर येईल. कृपा करून ते गिळून टाका.

आपल्याकडे अर्ध्या मार्काने प्रवेश हुकतो. ती धास्ती आपल्या अंगात मुरली आहे आणि नकळत आपण ती मुलांना देतो. पण तिथे अर्ज वाचणारा माणूस शुद्धलेखनाचे मार्क कापत नसतो. चार वर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेचा अहवाल हे त्याच्यापुढे असतंच. जास्तीत जास्त ६५० शब्दांच्या त्या निबंधातून त्याला हे मूल कसा विचार करतं ते जाणून घ्यायचं असतं. सुटलेल्या स्वल्पविरामामुळे ते कळायचं राहत नाही.

अशा बारीक चुकीसाठी कॉलेजला काहीही कळवू नका. निबंध अर्धाच गेला असेल किंवा गुण, विषय चुकीचे भरले असतील, तर मात्र लगेच कळवायला हवं. गेलेला अर्ज त्या कॉलेजपुरता बदलता येत नाही. पण बरीच कॉलेजं स्वतःच्या पोर्टलवर दुरुस्ती घेतात, नाहीतर प्रवेश कार्यालयाला ईमेल करता येतो. शाळेच्या काउन्सेलरना आधी विचारावं. ईमेल दोन-तीन ओळींचा हवा, आणि तो मुलानेच लिहायचा. तुम्ही लिहू नका, त्याच्या नावाने तर मुळीच नाही. जिथे अर्ज अजून पाठवायचा आहे, तिथल्यासाठी निबंध सुधारता येतो. तो सुधारावा आणि विषय मिटवावा.

निकाल बहुतेक मार्चअखेरीस लागतात. त्याआधी शाळेकडून बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण कॉलेजांना जातात, आणि ते खरोखर पाहिले जातात. मुलाला आता त्या अभ्यासाला निवांत बसू द्या.