तालावरचे बोलणे : भाषा-कलेचा एक तास

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास हिपहॉप ही कला उदयास आली. तालावर बोलणे, तबकड्यांवर ठेका धरणे, अंगचापल्याचे नृत्य व भिंतीवरील अक्षरचित्रे ही तिची चार अंगे होत. मुंबईत धारावीच्या तरुणांनी ती आपलीशी केली आणि वस्तीतील मुलांसाठी तिचे विनामूल्य वर्गही चालविले. पोवाड्याच्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. जुना शाहीर बहुधा वीरांची कथा सांगे. येथे सांगणारा आपल्याच गल्लीची सांगतो. शिक्षकाच्या उपयोगाचे आहे ते हेच.

लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठे उभी राहिली आणि गावाचे रूप पालटले. अशा गावच्या वर्गात निरनिराळ्या बोलींची मुले शेजारी बसतात. चार मात्रांचा ठेका घ्यावा : पहिली व तिसरी मात्रा बाकावर, दुसरी व चौथी टाळीने. प्रत्येकाने आपल्या घराविषयी चार ओळी रचाव्यात. शब्द घरचेच असू द्यावेत. व्याकरणाचा तास निराळा आहेच. अबोल मुलाकडे प्रथम केवळ ठेका सोपवावा. तो चुकला की सर्वांचेच अडते, त्यामुळे त्याचे महत्त्व वर्गास न सांगता कळते.

या कलेत प्रतिस्पर्ध्यास डिवचण्याची रीत आहे. ती वर्गात आणू नये. जात, रंग वा गाव यांवरून हिणविणारी ओळ तत्काळ थांबवावी. तयार झालेल्या ओळी पालकसभेत मुलांकडूनच म्हणवून घ्याव्यात व ठेका पालकांस धरावयास सांगावा.