मामीचे दोन तास

मामेभाऊ मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला निघाला, त्या रात्री लोह्यात मामीने विचारले, "किती तासांत पोचंल रे लेकरू?" मी पडलो भूगोलाचा विद्यार्थी! अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, वेग ताशी ९००; १४ तास सांगून मोकळा झालो. १४ तास उलटले, फोन नाही. पुढचे दोन तास मामी देवापुढून उठली नाही.

चूक शोधायला मी विभागातील पृथ्वीगोलावर दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. दोरा मात्र रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड असा उत्तरेकडून गेला. हेच बृहत्‌वृत्त. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट दीड हजार किलोमीटरांहून अधिक जवळची आहे! म्हणजे अंतर बरोबर होते, फसलो वेळेत. त्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, परतताना रेटतात. शिवाय बंद हवाई हद्दीला घालावा लागणारा वळसा, धावपट्टीवरचा खोळंबा. भागाकारात यातले काहीच नव्हते.

आता मी मामीला जायचे सोळा तास सांगतो, यायचे त्याहून कमी. ती विचारते, "वाट तीच ना रे?"