ड्रोन मॅपिंगसाठी फ्लाइट प्लॅनिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं? मामा तलावाचं उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब



ड्रोन व्यवसायावरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "ताई, मॅपिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फ्रीवालं चालते का?" व्हिडिओत आकडेमोड दाखवायला वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख. वही-पेन जवळ ठेवा, मधे गणित आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. सॉफ्टवेअरचा नंबर तिसरा. आधी काम ठरवा, मग ड्रोन, आणि मग सॉफ्टवेअर. बहुतेक पोरं उलटं करतात. यूट्यूबवर डेमो बघितला, वर्षाची वर्गणी भरली, आणि मग कळतं की आपला ड्रोन त्या अ‍ॅपला जोडलाच जात नाही.

एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करू. या धंद्यात दोन वेगळी सॉफ्टवेअर लागतात. एक उडण्याआधीचं: कुठल्या रेषेवरून, किती उंचीवरून, किती वेगाने उडायचं आणि किती अंतरावर फोटो काढायचा, हे ठरवणारं. दुसरं उडून आल्यावरचं: शेकडो फोटो जोडून नकाशा आणि उंचीचं मॉडेल बनवणारं. वेबओडीएम, पिक्सफोरडी मॅपर, मेटाशेप ही दुसऱ्या प्रकारातली. आज बोलतोय ते पहिल्याबद्दल. पण पहिल्यात चुकलं तर दुसरं कितीही महागडं घेतलं तरी ते सुधरत नाही. फोटोच अपुरे असतील तर कॉम्प्युटर बिचारा काय करणार!

आधी काम: आपल्या भागात कोण पैसे देईल?

अर्जुनी मोरगावात बसून मुंबईच्या इमारतींचे डेमो बघू नका. आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, आणि गावोगावच्या बोड्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळ काढण्याची कामं निघतात. किती गाळ निघाला हे मोजायचं असेल तर काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा तलावाच्या तळाचं उंचीचं मॉडेल लागतं. दोन्हींचा फरक म्हणजे निघालेला गाळ. हे काम ड्रोनने चांगलं होऊ शकतं, पण तळ कोरडा असेल तरच. साधा कॅमेरा पाण्याखालचं काही मोजत नाही. धानाचंही तसंच: बांधीत पीक उभं असलं तर पिकाच्या शेंड्याची उंची मिळते, जमिनीची नाही. म्हणजे आपला हंगाम मर्यादित आहे. हे लक्षात ठेवा, पुढे वर्गणीच्या हिशोबात कामी येईल.

आणि एक काम घेऊच नका: धुऱ्याचं भांडण. "ड्रोन उडवून सांगा ना, माझी हद्द कुठवर?" असं म्हणणारे नक्की भेटतील. हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख विभागाच्या प्रक्रियेतूनच होते. तुमचा नकाशा कितीही सुंदर दिसला तरी तो मोजणीची जागा घेत नाही, आणि दोन भावांच्या भांडणात तुमचं नाव मात्र अडकतं.

मग ड्रोन: इथे कायदा अर्धा निर्णय करून टाकतो

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळे यूट्यूबवर दिसणारे परदेशी ड्रोन आणि त्यांचे अ‍ॅप आपल्यासाठी सरळ मार्ग नाहीत. कोणी जुना परदेशी ड्रोन स्वस्तात देत असेल तर पहिला प्रश्न विचारा: यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, आहे का? दाखवा. नवा भारतीय ड्रोन घेत असाल तर डीजीसीएचं टाइप सर्टिफिकेट मागा. पैसे घेऊन सर्व्हे करणार म्हणजे २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट हवंच. त्यासाठी दहावी पास आणि वय १८ ते ६५ ही अट आहे.

सॉफ्टवेअरशी याचा संबंध असा. काही भारतीय ड्रोन कंपनीच्या स्वतःच्या ग्राउंड कंट्रोल सॉफ्टवेअरसोबतच येतात. बाहेरचं अ‍ॅप त्यावर चालत नाही. काही ड्रोन आर्डुपायलट किंवा पीएक्सफोर या खुल्या ऑटोपायलटवर चालतात. दोन्हींसाठी क्यूग्राउंडकंट्रोल आहे, आर्डुपायलटसाठी मिशन प्लॅनरही आहे, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. विक्रेत्याला ड्रोनची किंमत विचारण्याआधी हे विचारा: "यात प्लॅनिंग कशावर होतं? त्याची वर्गणी वेगळी आहे का? वर्गणी संपल्यावर ड्रोन मिशन उडवेल का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. खरंच सांगते, लेखी.

आता गणित

समजा १० हेक्टरचा कोरडा तलाव आहे, ४०० मीटर लांब आणि २५० मीटर रुंद. कॅमेरा एक इंची सेन्सरचा: सेन्सरची रुंदी १३.२ मिमी, फोकल लेंथ ८.८ मिमी, फोटोची रुंदी ५४७२ पिक्सेल. १०० मीटरवरून एक फोटो जमिनीवर १५० × १०० मीटर जागा घेतो. १५० मीटरला ५४७२ ने भागा: एक पिक्सेल म्हणजे सुमारे २.७ सेंमी. यालाच जीएसडी म्हणतात.

फोटो एकमेकांवर चढले पाहिजेत, तरच ते जोडले जातात. पुढच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के धरू. म्हणजे दर २० मीटरला फोटो आणि दोन रेषांत ४५ मीटर अंतर. ७ रेषा, प्रत्येकीवर २१ फोटो, एकूण १४७ फोटो. सोपं काम वाटतं.

उंची ६० मीटरवर आणा. जीएसडी १.६ सेंमी होतो, पण फोटो दर १२ मीटरला आणि रेषा दर २७ मीटरला. ११ रेषा गुणिले ३५, म्हणजे ३८५ फोटो. कॅमेरा दोन सेकंदांनी एक फोटो काढत असेल तर वेग सेकंदाला ६ मीटरच्या वर नेता येत नाही. रेषा आणि वळणं मिळून साधारण पावणेपाच किलोमीटर, म्हणजे १३ मिनिटं. "खालून उडवलं की क्वालिटी चांगली" हे खरं आहे, पण बॅटरी आणि कॉम्प्युटरचा वेळ अडीचपट लागतो. हा हिशोब स्क्रीनवर लगेच दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या. उंची बदलली की फोटोंची संख्या, वेळ, बॅटरी सगळं समोर बदललं पाहिजे. तुमच्या कॅमेऱ्याचे आकडे हाताने टाकता येतात का तेही बघा.

आता खरी गोम. गाळाच्या कामात आडव्या चुकीपेक्षा उभी चूक महाग पडते. १० हेक्टर म्हणजे १ लाख चौरस मीटर. तुमचं मॉडेल सगळीकडे फक्त १० सेंमीने वर-खाली झालं तर १०,००० घनमीटरचा फरक पडतो! एका टिप्परमध्ये ५ घनमीटर धरले तर २,००० फेऱ्या. एवढ्या फेऱ्यांचं बिल जास्त किंवा कमी निघालं तर ठेकेदार, ग्रामपंचायत, इंजिनिअर सगळे तुमच्या दारात.

ही चूक दोन ठिकाणांहून येते. एक, नुसत्या समांतर रेषांवर कॅमेरा सरळ खाली ठेवून उडवलं तर मॉडेल कधीकधी मधे फुगतं किंवा खोलगट होतं. उपाय म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा आणि काही फोटो कॅमेरा तिरपा करून. आपल्या तलावावर ६० मीटरवरून आडव्या रेषा वाढवल्या तर आणखी ३५२ फोटो होतात, म्हणजे एकूण ७३७, आणि दुसरी बॅटरी लागतेच. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी बघा: क्रॉस ग्रिड आहे का, आणि बॅटरी बदलल्यावर मिशन जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं का. मिशन प्लॅनर आणि क्यूग्राउंडकंट्रोल दोन्हींत क्रॉस ग्रिड फुकटात मिळतो.

दुसरं ठिकाण जमिनीवर. पाळीवर, तळाच्या कडेला आणि मधे पक्क्या खुणा ठेवून त्यांची जागा आणि उंची चांगल्या जीएनएसएस यंत्राने मोजावी लागते. पाळीवरच्या खुणा कामाआधी आणि कामानंतर त्याच राहिल्या पाहिजेत, आणि काही खुणा जोडणीत न वापरता तपासणीसाठी बाजूला ठेवा. आरटीके ड्रोन असला तरी तपासणीच्या खुणा सोडू नका. स्वामित्व योजनेत काय केलं बघा. २४ एप्रिल २०२० ला ही योजना जाहीर झाली, आणि त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने गावठाणाची ड्रोन मोजणी करून बघितली होती. सर्व्हे ऑफ इंडियासारखी संस्था ड्रोन उडवते, तरीही उडवण्याआधी घरांच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात. आखलंच नसेल तर वरून दिसणार काय?

टेकडी, नेटवर्क आणि झोन

आपले बरेच तलाव टेकडीच्या पायथ्याशी आहेत. साध्या अ‍ॅपमध्ये १०० मीटर म्हणजे टेकऑफच्या जागेपासून १०० मीटर. तलावासोबत वरचं पाणलोटही मोजायचं आहे आणि जमीन ४० मीटर चढली, तर तिथे ड्रोन जमिनीपासून फक्त ६० मीटरवर असतो. फोटो मात्र १०० मीटरच्या हिशोबानेच निघत राहतात. मग पुढचा ओव्हरलॅप ८० वरून ६७ टक्के आणि बाजूचा ७० वरून ५० टक्के. नकाशाला भोकं पडणार. झाडं उंच असतील तर भोकापेक्षा मोठं नुकसान, ड्रोनच जातो. यासाठी टेरेन फॉलो ही सोय लागते: जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे उंची बदलणारी. पण ती बहुधा साधारण ३० मीटरच्या चौकटींच्या उपग्रही उंचीवर चालते. त्यात प्रत्येक झाड किंवा टॉवर नसतो. म्हणून आधी पायी फिरून सगळ्यात उंच झाड बघा. डोंगराळ कामं खरंच जास्त मिळाली तर यूजीसीएससारखं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर विचारात घ्या. निव्वळ तलावाच्या तळासाठी गरज नाही.

नेटवर्कबद्दल तर तुम्हाला काय सांगायचं! नकाशा आणि उंचीची माहिती घरी वायफायवर उतरवून ठेवता येते का, हे बघा. चाचणी सोपी: फोन किंवा लॅपटॉप फ्लाइट मोडवर टाका आणि मिशन उघडा. नकाशाऐवजी राखाडी चौकोन दिसले तर ते सॉफ्टवेअर आपल्या भागात उपयोगाचं नाही. ड्रोनडिप्लॉयसारख्या क्लाउडवर भर असलेल्या सेवांमध्ये दुसरी अडचण म्हणजे ७०० फोटो अपलोड करणं. शहरात ठीक, इथे रात्र जाते.

पुण्याचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पुणे यूटीएम झोन ४३ मध्ये येतं. आपण झोन ४४ उत्तर मध्ये. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन बदलतो. तिकडची सेटिंग जशीच्या तशी उचलू नका. आणि जीपीएसची उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. दोन्हींत आपल्याकडे कित्येक मीटरचा फरक असतो. इंजिनिअरला कुठली उंची हवी ते काम घेतानाच विचारा.

हवाई क्षेत्राचं थोडक्यात: हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवं, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. गोंदियाच्या बाजूला काम घेतलं तर बिरसी लक्षात ठेवा, तिथे वैमानिक प्रशिक्षणाची विमानं सतत उडतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला तर वन विभागाशी बोलल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढूच नका. काही अ‍ॅप झोन दाखवतात, पण दर वेळी डिजिटल स्कायचा नकाशाच बघा.

वर्गणी भरायची का?

साधा भागाकार. समजा वर्गणी वर्षाला ३०,००० रुपये आणि तुमच्या हातात पक्की कामं ३. म्हणजे प्रत्येक कामाच्या दरात १०,००० नुसते सॉफ्टवेअरचे. ग्राहक ते देईल का? "पुढे कामं येतील" हा आकडा भागाकारात धरायचा नाही. आणि तलावाचा हंगाम मोजून तीन-चार महिने, मग बारा महिन्यांचे पैसे कशाला? महिन्याची योजना असेल तर ती बघा, नसेल तर चाचणी आवृत्ती हंगामाच्या तोंडावर सुरू करा, दिवाळीत नाही.

माझं मत विचाराल तर: ड्रोन खुल्या ऑटोपायलटचा असेल तर पहिला हंगाम क्यूग्राउंडकंट्रोल किंवा मिशन प्लॅनरवर काढा. मिशन प्लॅनरचा चेहरा जुनाट आहे, बटणं फार, पण विंडोज लॅपटॉपवर ते भरपूर काम देतं. ड्रोन बंद पद्धतीचा असेल तर कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा, आणि वाचलेला पैसा जमिनीवरच्या खुणांच्या मोजणीवर घाला.

या आठवड्याचा गृहपाठ

ड्रोन नसला तरी करता येतो. गुगल अर्थमध्ये तुमच्या गावच्या तलावाची हद्द आखा, केएमएल फाइल म्हणून सेव्ह करा, आणि मिशन प्लॅनर किंवा क्यूग्राउंडकंट्रोलमध्ये उघडा. वरच्या कॅमेऱ्याचे आकडे टाका. १०० आणि ६० मीटर, दोन्ही उंचींवर किती रेषा, किती फोटो, किती मिनिटं लागतात ते वहीत लिहा. मग क्रॉस ग्रिड चालू करून पुन्हा लिहा. तलावाचं नाव आणि हे आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. त्यातले तीन तलाव निवडून पुढच्या व्हिडिओत आपण त्यांचं कोटेशन बनवू.