शीतकक्षाला प्लास्टर लावू देऊ नका

वैशाखात आमच्या दर्यापूरकडे फ्रीजचा भरवसा नाही. वीज जाते ती नेमकी दुपारी, आणि आठवडी बाजाराची भाजी तर पुढच्या बाजारापर्यंत पुरवायची असते. म्हणून अंगणात विटा-रेतीचा शीतकक्ष बांधायचं ठरवलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980च्या दशकात पुढे आणलेली ही रीत. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटीमीटरची फट, त्यात रेती, आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी उतरतं.

मिस्त्रीला मी हे कागदावर काढून दिलं होतं. प्लास्टर अजिबात नको, हे बजावलं होतं. त्यानं कागद घडी करून खिशात टाकला. "वैनी, कच्चं काम म्या करत नाई. तुमाले काय समजते बांधकामातलं?" मी लग्नाला माहेरी गेले, परत येऊन पाहते तर बाहेरून गुळगुळीत घोटलेलं प्लास्टर! घरच्यांनी कौतुक करून सगळे पैसेही देऊन टाकले होते.

रेती भिजवली, भाजी ठेवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी झाकण काढलं तर तोंडावर वाफ आली. सांबार (कोथिंबीर) काळा पडून चिकट झालेला, पालक लिबलिबीत. बाहेरच्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी आणि चटका बसेल इतकी तापलेली. आत रेती मात्र चिंब! तिथेच सगळं कळलं. वीट पाणी शोषते, तिच्या अंगावरून ते वारा उडवून नेतो, म्हणून थंडावा येतो. आपल्या कूलरचंही हेच तत्त्व. मिस्त्रीनं प्लास्टर करून विटेचं तोंडच बंद केलं होतं.

बोलावलं तर म्हणतो, "तुमी पाणी कमी टाकता." चिंब रेती दाखवली, तर गाडीला किक मारून निघून गेला. कागद मी दिला होता, बोलणं त्याचं ऐकलं गेलं. हे मला अजून पचत नाही.

नंतर मुलाला हाताशी घेऊन दुसरा कक्ष कडुलिंबाच्या सावलीत, वारा लागेल असा बांधला. भट्टीची लाल वीटच घ्या. आपली काळी माती भेगाळते, म्हणून खाली विटांचा थर हवाच. वर तट्ट्या आणि ओलं गोणपाट. आणि खारपाणपट्ट्यातल्या बायांनो, बोअरचं पाणी ओतू नका. कूलरच्या गवतावर पांढरा खार बसतो तसा तो विटेवर बसतो आणि छिद्रं बुजतात. नळाचं गोडं पाणी वापरा.

मेथी, पालक, सांबार, वांगी, लिंबू आत ठेवा. पिकलेले टमाटे पालेभाजीजवळ नकोत, पानं पिवळी पडतात. कांदा-लसूण यात कधीच नको, ओलाव्यानं कोंब फुटतात आणि सडतात. ते कोरड्या, हवेशीर जागी पसरून ठेवा. पालेभाजी आधी खा, वांगी-भोपळा मागून. वांगी जास्त झाली तर खुला (फोडी) करून वाळवा, आपलं ऊन त्यासाठीच आहे. स्वच्छता ठेवा, सडलेलं लगेच काढा. मृगाचा पाऊस लागला की हवेतच ओल येते, मग हा कक्ष फारसं काम करत नाही.

काम कोणालाही द्या, पण ठरलेलं लिहून घ्या, निम्मे पैसे हातात ठेवा आणि काम चालू असताना समोर उभ्या राहा. घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवा, की ज्या बाईला ही भाजी रोज निवडायची, रांधायची आहे, तिचा शब्द या कामात शेवटचा. मिस्त्रीनं थापी उचलून सिमेंट कालवायला घेतलं, की काम तिथेच थांबवा.